घर उचलावे की गल्ली उचलावी?

पावसाळा ओसरला आणि भिंतींवरच्या ओलीच्या रेषा वाळू लागल्या, की नदीकाठी राहणाऱ्या आमच्या वाचकांच्या मनात एक विचार पुन्हा डोके वर काढतो. घर सोडून जाववत नाही आणि दर आषाढ-श्रावणात जीव मुठीत धरून त्यात राहवतही नाही. मग आहे हेच घर दोन-चार हात वर उचलून घेता येणार नाही काय? पूर्वी असा प्रश्न कोणी विचारला असता तर चावडीवर हशा पिकला असता. आता तो हसण्यावारी नेण्याजोगा राहिलेला नाही. निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड या बाजूस वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा यांनी २००५ साली, पुन्हा २०१९ साली आणि लगेच २०२१ साली जे करून दाखविले, ते तिकडच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. बडोदेकरांनी विश्वामित्रीचे पाणी २०१९ साली आणि त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टात घरात घेतले. हैदराबादेत २०२० च्या ऑक्टोबरात वस्त्याच्या वस्त्या बुडाल्या. गोव्यात २०२१ च्या जुलैत सत्तरीकडच्या गावांत मातीच्या भिंती विरघळून गेल्या. तेव्हा आज या स्तंभात घर उचलण्याविषयीच चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एवढे निश्चित समजावे की घर उचलता येते. ही जादू नव्हे आणि नवलाईही नव्हे. आपल्या देशात हरियाणाकडील कारागिरांच्या टोळ्या हे काम करीत गावोगाव फिरतात. केरळात २०१८ च्या महापुरानंतर कित्येक कुटुंबांनी आपली राहती घरे अशी वर घेतली. चेन्नईसारख्या शहरात तर निराळेच कारण घडले: रस्त्यावर रस्ता, त्यावर आणखी एक रस्ता असे थर चढत गेले आणि एके काळी तीन पायऱ्या चढून ज्या घरात जावे लागे, त्या घरात पायऱ्या उतरून जाण्याची पाळी आली. घर कोठे गेले नाही. जमीनच त्याच्या डोक्यावर चढू लागली. आमच्या खेड्यांतही डांबरी व सिमेंटचे रस्ते असेच थराथराने वाढत आहेत, हे ज्याने त्याने आपल्या उंबरठ्यावर उभे राहून पाहावे.

उचलता येते, हे झाले. परंतु उचलावे काय, कोणी, केव्हा आणि कोणाबरोबर, हा प्रश्न निराळा. आणि त्याचे उत्तर शोधताना आम्हांस एका परक्या शहराची हकीकत फार उपयोगी वाटते. ते शहर सबंधच्या सबंध उचलले गेले. वाचकांनी थोडा वेळ आमच्याबरोबर तिकडे यावे.

अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या किनाऱ्याशी गॅल्व्हस्टन नावाचे एक बेट आहे. लांबट, अरुंद आणि केवळ वाळूचे. १९०० साली त्यावरील शहरात सुमारे अडतीस हजार माणसे राहत होती. कापसाच्या व्यापाराने शहर संपन्न झाले होते. पण त्यातील उंचात उंच जागादेखील समुद्रसपाटीपासून नऊ फुटांपेक्षा कमीच होती. त्या वर्षी ८ सप्टेंबरला, शनिवारी, चक्रीवादळ आले आणि पंधरा फुटांहून अधिक उंचीचे पाणी बेटावरून वाहून गेले. सुमारे ३,६०० घरे नाहीशी झाली. मेलेल्यांची मोजदाद नीटशी कधीच होऊ शकली नाही. सहा हजारांच्या खाली तो आकडा कोणी धरीत नाही, पुष्कळजण आठ हजार सांगतात.

८ सप्टेंबर म्हणजे आमच्या घरांत पवित्र मरियेच्या जन्माचा सण. बांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा याच सुमारास भरते. त्याच दिवशी त्या बेटाच्या किनाऱ्यालगत दयाभगिनींच्या संत मेरी अनाथालयात दहा भगिनी आणि त्र्याण्णव मुले होती. पाणी चढू लागले तशी भगिनींनी मुलांना एकत्र केले, त्यांचे धैर्य खचू नये म्हणून सागराच्या राणीला उद्देशून असलेले मरियेचे एक गीत त्यांच्याकडून पुनःपुन्हा म्हणवून घेतले, आणि कपडे वाळत घालण्याच्या दोरीचे तुकडे करून प्रत्येकीने काही मुले आपल्या कमरेशी बांधून घेतली. वयाने जरा मोठी असलेली तीन मुले एका झाडाला धरून वाचली. उरलेली नव्वद मुले आणि दहाही भगिनी पाण्यात गेल्या. पुढे वाळूतून देह सापडले, तेव्हा दोऱ्यांच्या गाठी तशाच होत्या. त्या संघाच्या भगिनी दर ८ सप्टेंबरला ते गीत आजही म्हणतात.

इतके झाल्यावर त्या लोकांनी काय करावे? वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत शुभवर्तमानात आहे आणि तो प्रत्येक ख्रिस्ती घरात ठाऊक आहे. परंतु ज्याच्या वाट्यास नुसती वाळूच आली आहे, ज्याचा धंदा, ज्याची शेती, ज्याच्या आईबापांच्या कबरी त्या वाळूतच आहेत, त्याने खडक आणावा कोठून? कित्येक कुटुंबे बेट सोडून गेली. पुष्कळ राहिली. राहिलेल्यांनी तीन नामांकित इंजिनियरांचे मंडळ नेमले. त्यांपैकी एक हेन्री मार्टिन रॉबर्ट हे सैन्यातील निवृत्त अधिकारी होते. गंमत अशी की जगात हे गृहस्थ त्यांच्या बांधकामांपेक्षा सभाशास्त्रावरील एका पुस्तकामुळेच अधिक प्रसिद्ध आहेत. १८६३ साली एका चर्चमध्ये भरलेल्या सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे अवचित आले आणि ती सभा त्यांना काही केल्या आवरेना. त्या फजितीतून सभेच्या नियमांचा त्यांचा ग्रंथ १८७६ साली जन्मास आला. सबंध गावाला एका मताने उचलून घ्यावयाचे असेल तर सभा चालविणारा माणूस हाताशी असलेला बरा, असे आम्हांस हे वाचताना वाटून गेले.

मंडळाने दोन गोष्टी सुचविल्या. समुद्राच्या बाजूस सतरा फूट उंचीची, तीन मैलांहून अधिक लांबीची भिंत बांधावी. आणि भिंतीमागील शहराची जमीन वाळू भरून उंच करावी, म्हणजे भिंतीवरून आलेले पाणीही साचून न राहता मागच्या खाडीकडे वाहून जाईल. भिंतीचा पहिला टप्पा १९०२ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १९०४ च्या जुलैत पुरा झाला. जमीन उंच करण्याचे काम मात्र १९११ पर्यंत चालले. खाडीतील वाळू उपसून ती पाण्यासह जहाजांतून आणावयाची, त्यासाठी शहराच्या पोटातून खोदलेल्या कालव्यात जहाजे शिरवावयाची, आणि नळांतून ते वाळूचे पाणी घराघरांच्या खाली सोडावयाचे. पाणी ओसरून जाई, वाळू मागे राही. कोठे काही इंच, तर भिंतीजवळच्या भागात अकरा फुटांहूनही अधिक भराव पडला. पण वाळू घराखाली यावयाची म्हणजे घर आधी वर गेले पाहिजे. दोन हजारांहून अधिक इमारती अशा वर उचलल्या गेल्या. घरांबरोबर पाण्याचे नळ, ट्रामचे रूळ, गटारे, कुंपणे, संडास, सारे काही वर घ्यावे लागले. दफनभूमीही सुटली नाही. ज्यांना परवडले त्यांनी आपल्या माणसांच्या कबरीवरील दगड वर घेतले. बाकीचे पुष्कळसे वाळूखाली गेले.

आमच्या वाचकांचे मन या सर्वांत एका इमारतीकडे विशेष ओढ घेईल. ती म्हणजे तेथील संत पॅट्रिकचे देऊळ. विटांचे हे देऊळ सुमारे तीन हजार टन वजनाचे. सातशे स्क्रू-जॅक खाली लावून ते पाच फूट वर घेतले गेले. बैलगाडीचे किंवा ट्रकचे चाक बदलताना जो जॅक लावतात, त्याचाच हा जाड, आखूड आणि बळकट भाऊ. दांडा फिरविला की आट्यांचा खांब रेसभर वर येतो, आणि हात काढला तरी आटे एकमेकांवर घट्ट बसलेले असल्यामुळे भार खाली घसरत नाही. सारे रहस्य या एका गुणात आहे. मनुष्य दमतो, जॅक दमत नाही. एका पूर्ण फेऱ्यात खांब अर्धा इंच वर येतो असे धरले आणि दर खेपेस पाव फेराच द्यावयाचा असा नेम ठेवला, तर पाच फुटांसाठी एकेका जॅकला चारशे ऐंशी वेळा पाव-पाव फेरा द्यावा लागेल. सातशे जॅकांचे मिळून तीन लाख छत्तीस हजार होतात. हा हिशेब आमचा आहे, तेथील नोंदवहीतील नव्हे. पण काम किती सावकाशीचे असते ते यावरून ध्यानी यावे.

एवढी सावकाशी कशासाठी? विटेची भिंत भार सोसण्यास बळकट, पण ताण सोसण्यास अगदी दुबळी. घराचा एक कोपरा बोटभर पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला, की भिंत ताणली जाते. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते आणि ती आढ्यापर्यंत धाव घेते. म्हणून सर्व जॅक एका इशाऱ्यावर, एकाच मापाने फिरले पाहिजेत. जोरकस गड्याने अधिक फिरविले आणि आळशाने कमी, तर दोघांचे मिळून घर मोडते. कारागीर जॅकांशेजारी लाकडी ठोकळे रचीत जातात ते याचसाठी, की एखादा जॅक निसटला तरी भिंतीने खाली यावयाचे ते एका ठोकळ्याच्या जाडीइतकेच.

गॅल्व्हस्टनच्याही आधी शिकागो शहराने हा मार्ग चोखाळला होता. सरोवराकाठच्या दलदलीवर ते शहर वसलेले. सांडपाणी कोठेच वाहून जाईना आणि कॉलऱ्याच्या साथी हटेनात. तेव्हा १८५५-५६ च्या सुमारास असे ठरले की गटारे जमिनीवरच घालावीत, ती झाकतील इतके रस्ते भरावाने उंच करावेत आणि मग घरे रस्त्याच्या पातळीस आणावीत. १८६१ साली तेथील ट्रेमाँट हाउस नावाचे मोठे हॉटेल आत पाहुणे असतानाच उचलले गेले. एका पाहुण्यास दाराच्या पायऱ्या दिवसेंदिवस अधिक चढाच्या का होत आहेत हेच कळेना, अशी कथा सांगतात. कथेचे खरेखोटे असो. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती १८६० सालची गोष्ट. लेक स्ट्रीटवर एकमेकांस चिकटून उभी असलेली दुकाने आणि पेढ्या, सुमारे ३२० फूट लांबीची ती ओळच्या ओळ, सहा हजार जॅक आणि सहाशे माणसे लावून पाच दिवसांत चार फूट आठ इंच वर घेण्यात आली. आतला व्यापार बंद पडला नव्हता.

ती ओळ एकदम का उचलली? एकेक मालकाने आपापल्या सोयीने, आपापल्या पैशाने आपले दुकान का नाही उचलले? कारण भिंती सामाईक होत्या. एकाचे घर वर जाताना शेजाऱ्याची भिंत बरोबर ओढली गेली असती. आता वाचकांनी आपल्या गावठाणाकडे डोळे फिरवावेत. आपली घरे कशी आहेत? पाठीला पाठ लावून, भिंतीत भिंत मिळवून, एकाची पन्हाळ दुसऱ्याच्या अंगणात अशी. भावाभावांची वाटणी झालेल्या घरात तर एकच तुळई दोन्ही संसारांवरून जाते. अशा ठिकाणी ‘मी माझे घर उचलतो’ या वाक्याला काही अर्थच उरत नाही.

शेत-अंगणात सुटे उभे असलेले घर असेल, तरी गल्लीतील पाण्याचा प्रश्न राहतोच. एका घराचे जोते चार फूट वर गेले, त्याभोवती मुरूम टाकून फरसबंदी झाली, गल्लीच्या तोंडाची मोरी त्या भरावाखाली बुजली, की जे पाणी आजवर दहा घरांत घोट्याइतके शिरत होते ते नऊ घरांत पोटरीपर्यंत चढते. महापुराची गोष्ट वेगळी. तेथे नदी एवढी अफाट असते की एका जोत्याने तिला काही फरक पडत नाही. परंतु दरसालच्या पावसाचे, नाल्याचे आणि गटाराचे पाणी शेजाऱ्याच्या दारात लोटले जाते हे खरे, आणि खेड्यापाड्यांत यावरून कोर्टकचेऱ्या होतात हेही खरे. ज्याच्यापाशी पैसा आहे तो उचलतो, ज्याच्यापाशी नाही तो अधिक खोल बुडतो. हे होऊ नये म्हणून काय करावे, हाच आमच्या मते खरा विचार करण्याचा भाग आहे.

गॅल्व्हस्टननेही हा प्रश्न पुरता सोडविला असे आम्ही म्हणणार नाही. वाळूचा आणि भिंतीचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून झाला. घर उचलण्याचा खर्च मात्र ज्याचा त्याने सोसावयाचा होता. गरिबांना तो जड गेला असेल यात शंका नाही. काही श्रीमंतांनी निराळी युक्ती केली. ॲश्टन व्हिला नावाची तेथील एक जुनी हवेली उचललीच नाही. तिचे तळघर वाळूने भरून टाकले आणि अंगणातही भराव पडू दिला. तिचे लोखंडी कुंपण जमिनीत रुतल्यासारखे बुटके दिसते ते यामुळेच. तरीसुद्धा एक गोष्ट त्या गावाने नीट केली. जमीन किती उंच करावयाची ते कोणा एकाच्या ऐपतीवर सोडले नाही. पातळी सर्वांसाठी ठरविली गेली आणि वाळू श्रीमंताच्या व गरिबाच्या घराखाली सारख्याच नळातून आली.

त्या वर्षांत तेथील गृहिणींचे दिवस कसे गेले असतील? घराखाली चिखल, अंगणात चिखल, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जावयाचे तर माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर बांधलेल्या फळ्यांच्या पुलांवरून. मुले शाळेत जात ती या फळ्यांवरूनच. उपसलेल्या गाळाला घाण येई. जुनी झाडे आणि बागा खाऱ्या वाळूखाली गाडल्या जाऊन मेल्या. सारे शहर उघडेबोडके झाले. मग स्त्रियांच्या एका संस्थेने पुन्हा झाडे लावण्याचे काम अंगावर घेतले. खाऱ्या मातीत आणि वाऱ्यात तग धरील असे झाड म्हणून त्यांनी पुष्कळ ठिकाणी कण्हेर लावली. आमच्याकडे परसात, दफनभूमीच्या कडेला कोणी न लावता वाढते तीच ही कण्हेर. गॅल्व्हस्टनला आजही लोक कण्हेरीचे शहर म्हणतात.

या सगळ्याचा उपयोग झाला काय? १९१५ च्या ऑगस्टात जवळजवळ तेवढेच जबर वादळ पुन्हा आले, आणि शहरात मेलेल्यांची संख्या १९०० च्या तुलनेत अगदीच अल्प होती. उपयोग झाला. परंतु २००८ साली आइक नावाचे वादळ आले, तेव्हा भिंत समोर उभी होती आणि पाणी मागच्या खाडीकडून शहरात शिरले. आपण ज्या बाजूस पाहत असतो त्याच बाजूने संकट येईल असा भरवसा नसतो.

आता आमच्या घरांविषयी. जे लोक हा विचार करीत आहेत त्यांनी कारागिराला बोलाविण्यापूर्वी एक दोरी आणि एक खडू घ्यावा. २०१९ साली पाणी कोठवर आले होते? ज्या गावांत पाणी खिडकीच्या खालपर्यंत आले, तेथे चार फूट उचललेले घर उद्या कोरडे राहू शकेल. ज्या गावांत पाणी कौलांना लागले, तेथे चार फुटांनी काय होणार? तेवढेच होईल, की बुडालेले घर थोडे कमी बुडेल आणि कर्ज मात्र पुरते राहील. अशा गावांनी उंचवट्यावरील नव्या जागेचा विचार टाळू नये. पुनर्वसनाच्या जागेत शेत लांब पडते, गुरांना वैरण नेणे कठीण होते, देऊळ आणि आपल्या माणसांच्या कबरी मागे राहतात, हे आम्ही जाणतो. त्याला हलके लेखणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पण कौलापर्यंत आलेल्या पाण्याला जॅकचे उत्तर नाही.

दुसरे, भिंत कशाची आहे ते पाहावे. भाजलेल्या विटांची सिमेंटमध्ये बांधलेली भिंत, किंवा सिमेंटचे खांब-तुळया असलेले घर, हे उचलण्यास योग्य. कारागीर जोत्याच्या वर भिंतीचा थोडा थोडा भाग फोडून तेथे लोखंडी चॅनल सरकवितात, त्याखाली जॅक बसवितात, मग पुढचा भाग फोडतात. असे करीत सबंध घर एका लोखंडी पट्ट्यावर येते आणि मग वर निघते. परंतु पांढऱ्या मातीच्या भिंती, कच्च्या विटांच्या भिंती, किंवा दोन्ही अंगांनी दगड आणि मध्ये माती-खडीचे पोट असलेल्या जुन्या रुंद भिंती यांना खालून फोडणे म्हणजे भरलेल्या पोत्याची शिवण उसवणे होय. अशा घरांना हात लावू देऊ नये, मग समोरचा कंत्राटदार कितीही छातीठोकपणे सांगो. जुन्या कौलारू घरात छपराचा भार लाकडी खांबांवर असतो. तेथे खांबांना धिरे देऊन तळखडे उंच करणे आणि भिंती नव्याने बांधणे हे काम गावचा चांगला सुतार आणि गवंडी मिळून करू शकतात, आणि ते स्वस्तही पडते. काळ्या मातीच्या जमिनीवर विशेष सावध राहावे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नवा भराव आणि नवे वजन टाकण्यापूर्वी पाया किती खोल आहे ते खणून पाहणे अवश्य आहे, आणि एखाद्या माहितगार इंजिनियराचे मत लेखी घेणे त्याहून अवश्य.

खर्चाचा अंदाज करताना लोक जॅकांचे भाडे व मजुरी तेवढी मोजतात आणि फसतात. घर वर जाते. फरशी जात नाही. ती भरावाखाली जाऊन नवी घालावी लागते. जिना, नळ, विजेची जोडणी, मोरी, शौचकूप हे सारे नव्याने जोडावयाचे. विहिरीचा कठडा खालीच राहिला तर पुरानंतर उंच घरात बसून गढूळ पाणी प्यावे लागेल. आणि गोठा? २०१९ साली कितीतरी माणसे होडी दारात येऊनही निघेनात, ती घरासाठी नव्हे, दावणीच्या म्हशीसाठी. माणसे चार फूट वर आणि जनावरे होती तेथेच, असे घर उचलून पुराच्या रात्री कोणाचा डोळा लागणार आहे? घराआधी गोठ्याचे जोते उंच करा, असे आम्ही तर सांगू; ते काम अल्प खर्चाचे आहे आणि त्यास जॅक लागत नाही.

कंत्राटदाराशी करार कागदावर करावा. भेगा गेल्यास दुरुस्ती कोणी करावयाची, पैसे किती टप्प्यांनी द्यावयाचे, शेजाऱ्याच्या भिंतीस इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे त्यात यावे. काम चालू असताना घरातच राहा, चूलसुद्धा विझवू नका, असे हे लोक अभिमानाने सांगतात. शिकागोचा पाहुणा राहिला असेल. आमचे म्हणणे असे की तेवढे दिवस म्हातारी माणसे व लहान मुले मामाकडे किंवा आत्याकडे पाठवावीत.

आणि हे सर्व करण्यापूर्वी गल्लीची एक बैठक भरवावी. ती मंदिराच्या अंगणात भरो, शाळेत भरो की एखाद्याच्या ओसरीवर. हिंदू, मुसलमान, लिंगायत, जैन, ख्रिस्ती, ज्यांची ज्यांची दारे त्या गल्लीत आहेत ते सर्व तीत असावेत. पाण्याने कोणाची जात विचारली नव्हती. बैठकीत पहिला प्रश्न एवढाच असावा, की गल्लीची मोरी कोणत्या पातळीस राहील आणि रस्ता यापुढे किती उंच होऊ द्यावयाचा. ग्रामपंचायतीने रस्ता करताना वर नवा थर न टाकता जुना खरवडून काढावा, असा ठराव गल्लीने एकमुखाने मागितला तर निम्म्या घरांना उचलण्याची वेळच येणार नाही. सामाईक भिंतींची घरे कोणती, सुटी कोणती, मातीची कोणती, आणि एकट्या विधवेचे किंवा कमावता हात नसलेले घर कोणते, याची यादी त्याच बैठकीत व्हावी. दहा घरांनी मिळून कारागिरांची एकच टोळी आणली तर दर उतरतो, आणि अकराव्या घराचे जोते त्या वाचलेल्या पैशात बसू शकते.

उन्हाळ्यात कारागिरांना मागणी फार असते आणि मृगापूर्वी भराव दबून बसण्यास अवधी लागतो. म्हणून ज्यांना काम करावयाचे आहे त्यांनी नाताळची सुट्टी, मुंबई-पुण्याचे लोक घरी आलेले असतात ते दिवस, बैठकीसाठी धरावेत. तोवर प्रत्येक घराच्या भिंतीवर २०१९ ची आणि २०२१ ची पाण्याची रेषा रंगाने ओढून तिच्याशेजारी वर्ष लिहून ठेवावे. दिवाळीच्या रंगसफेदीत ती पुसली जाऊ देऊ नये.